अँबॅसडरची चुलत बहीण: ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्या आणि त्यांच्या सलून

मिरजेचा_कोव्हेंट्रीत

राम राम मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचत होतो, आज पहिलाच धागा काढतोय तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

नोकरीनिमित्त गेली ४ वर्षं कोव्हेंट्रीत आहे. मागच्या रविवारी गावाबाहेरच्या एका पबच्या आवारात जुन्या गाड्यांचा मेळावा होता, तिथे सहज डोकावलो. एका पांढऱ्या एमजीए नावाच्या जुन्या दोन सीटच्या स्पोर्ट्स गाडीचं बॉनेट उघडं होतं. आत बघितलं आणि हातातला चहा तसाच राहिला, कारण ते इंजिन मी ओळखलं!! मिरजेत आमच्या मामाकडे जुनी अँबॅसडर होती, दर रविवारी मामा बॉनेटमध्ये आणि मी बॅटरी धरून बाजूला उभा. तोच रॉकर कव्हरचा आकार, तेल ओतायचं तोंड, सगळं ओळखीचं. मालक सत्तरीचे असतील, त्यांना विचारलं तर म्हणाले, बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी सिरीज, १४८९ सीसी. मी म्हटलं आमच्याकडे ह्याच्यावर टॅक्सी चालायच्या. त्यांना ते फारसं आवडलं नाही असं वाटलं.

तर प्रश्न असे. एक, हे खरंच तेच इंजिन का? दोन, एकाच देशात एकीकडे लाकडी डॅशबोर्डच्या, आत बसलं की माणूस आपोआप ताठ होतो अशा सलून (इकडे सेडानला सलून म्हणतात) आणि दुसरीकडे जमिनीला पोट लावून पळणाऱ्या दोन सीटच्या गाड्या, ह्या दोन जाती एकमेकींतून आल्या का वेगवेगळ्या वाढल्या? आणि तीन, खरा प्रश्न: ऑफिसमधला एक जण १९७८ ची एमजीबी विकतोय, काळ्या रबरी बंपरवाली. घेऊ का? बायको म्हणते आधी वॉशिंग मशीन बदल.

दोन_नंबरचा_गिअर

वॉशिंग मशीन घ्या. गळलं तर निदान पाणीच गळेल.

सुतीपाना

मिरजकर, डोळे शाबूत आहेत तुमचे. तेच इंजिन. मी ३५ वर्षं पुण्यात गॅरेज चालवलं, हात अजून विसरलेला नाही.

आपली अँबॅसडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज ३. सुरुवातीच्या गाड्यांना साइड व्हॉल्व्हचं जुनं इंजिन होतं, मग वर व्हॉल्व्ह असलेलं १४८९ सीसी आलं. १९५५ ला एमजीए निघाली तिच्यात हेच, फक्त दोन एसयू कार्ब्युरेटर, वेगळा कॅम, जास्त कॉम्प्रेशन. तिची ताकद ७० हॉर्सपॉवरच्या आसपास, आपली ५० च्या घरात. पुढे बोअर (सिलिंडरचा व्यास) वाढवत वाढवत १७९८ सीसी केलं ते तुमच्या त्या एमजीबीत. म्हणजे अँबॅसडरची चुलत बहीण म्हणा, शहरात वाढलेली.

ह्यात लपवाछपवी काही नव्हती बरं का. एमजी म्हणजेच मुळी मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डला मॉरिसच्या गाड्या विकणारं दुकान, तिथला मॅनेजर सेसिल किंबर. त्याने १९२० च्या दशकात साध्या मॉरिसच्या चासीवर (म्हणजे खालच्या सांगाड्यावर) देखण्या बॉड्या चढवून विकायला सुरुवात केली. चाकं तीच, इंजिन तेच, अंगरखा नवा. ते इतकं चाललं की १९२९ ला अॅबिंग्डनला स्वतंत्र कारखाना. तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर सोपं आहे, दोन जाती नव्हत्याच. एक घर, दोन शिंपी.

अनुस्वार

मला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही पण शब्दांसाठी वाचतेय. सुतीपानाकाका, तुमच्या आयडीचा अर्थ सांगा ना?

आणि थोडं अवांतर. आपण मागच्या सामानाच्या जागेला डिकी म्हणतो ना, तो शब्द ह्याच जुन्या दोन सीटच्या गाड्यांतून आलाय. मागे झाकण उघडलं की आतून एक घडीची सीट निघायची, तिला डिकी सीट म्हणत. पाहुणा किंवा नोकर तिथे, पाऊस आला तर त्याचा तो भिजणार. पुढे सीट गेली, जागा राहिली, शब्दही राहिला. इंग्लंडात आज डिकी म्हटलं तर कुणाला कळत नाही, आपल्याकडे रिक्षावाल्यालाही कळतं.

स्टेपनी तर त्याहून भारी. वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे, तिथे १९०४ च्या सुमाराला जादा चाकाची युक्ती निघाली म्हणून ते स्टेपनी. म्हणजे आपण पंक्चर काढताना रोज वेल्समधल्या एका गल्लीचं नाव घेतो :)

सुतीपाना

ताई, अर्ध्या-पाव इंचाच्या हिशोबातले पाने. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. ब्रिटिश गाड्यांना मिलिमीटरचे पाने बसत नाहीत, बसल्यासारखे वाटतात आणि नटाच्या कडा गोल करून टाकतात. त्यातही त्यांची तीन-तीन मापं, जुनं व्हिटवर्थ वेगळं, युद्धानंतरचं वेगळं. एका गाडीला दोन पेट्या हत्यारं लागायची. गॅरेजला पोरगं नवीन आलं की पहिला महिना नुसते पाने ओळखण्यात जायचा.

स्टेपनीचं माहीत नव्हतं, इतकी वर्षं बडवत होतो. झकास.

फुकट_सल्लागार

सुतीपानांचा मान राखून असहमत. एमजीचं ठीक आहे, ती गरिबांची स्पोर्ट्स कार. पण जग्वारचं काय? त्यांचं एक्सके इंजिन ल मां ही फ्रान्सची २४ तासांची शर्यत जिंकणारं इंजिन आहे हो, १९५१, ५३ ला सी टाइप, मग ५५, ५६, ५७ ला डी टाइप. पाच वेळा! ते काय कुणा साहेबाच्या सलूनमधून उचललेलं नाही. तिथे आधी स्पोर्ट्स कार होती, सलूननी नंतर त्या नावावर पोट भरलं. वंश वेगळाच आहे.

जुनी_पानं

सल्लागार, बरोबर उलटं आहे आणि त्यातच खरी गंमत आहे. जरा लांब लिहितो, चहा घेऊन बसा.

विल्यम लायन्स हा मुळात इंजिनिअर नव्हेच. १९२२ ला ब्लॅकपूलला विल्यम वॉल्म्सली नावाच्या भागीदाराबरोबर मोटारसायकलचे साइडकार बनवायचा. मग ऑस्टिन सेव्हन ह्या डबड्यासारख्या गाडीवर दोनरंगी सुबक बॉडी चढवून विकायला लागला (सुतीपानांचा शिंपी इथेही आलाच). कंपनीचं नाव पुढे एसएस. १९३५ ला जग्वार हे मॉडेलचं नाव आलं आणि युद्ध संपल्यावर हिटलरच्या एसएसमुळे ते नाव ठेवायची सोयच राहिली नाही म्हणून १९४५ ला कंपनीच जग्वार झाली.

आता इंजिन. युद्धात कोव्हेंट्रीवर बॉम्ब पडत होते, कारखान्यांत रात्री आग लागते का बघायला पाळ्या असायच्या. त्या पाळीत लायन्स, हेन्स, हॅसन, बेली ही मंडळी बसून युद्धानंतर काय करायचं ह्याचे बेत करायची. लायन्सला हवी होती एक मोठी, १०० मैलांच्या वेगाने जाणारी सलून. तिच्यासाठी दोन कॅमशाफ्टचं सहा सिलिंडरचं इंजिन आखलं, ३.४ लिटर, १६० हॉर्सपॉवर. सलूनसाठी!! पण १९४८ साल उजाडलं तरी सलूनची बॉडी तयार नव्हती आणि अर्ल्स कोर्टचं प्रदर्शन तोंडावर. मग इंजिन लोकांना दाखवायला म्हणून घाईघाईत चासी आखूड करून वर दोन सीटची बॉडी बसवली. ती एक्सके १२०. शेदोनशे बनवायच्या बेताने, लाकडी सांगाड्यावर अॅल्युमिनियमचे पत्रे ठोकून. लोक तुटून पडले. शेवटी पोलादी बॉडीचे साचे करावे लागले आणि १२ हजारांच्या आसपास गाड्या गेल्या. ज्या सलूनसाठी हा सगळा घाट घातला ती मार्क ७ बिचारी १९५० ला आली.

म्हणजे जगातली त्या काळची सगळ्यात वेगवान विकत मिळणारी गाडी ही एका सलूनच्या इंजिनाची जाहिरात होती. ल मां नंतर.

आणि एक्सके इंजिनाचा शेवट कुठे झाला माहितीये? १९९२ ला, डेमलरच्या लांबलचक लिमोझिनमध्ये. लग्नात आणि मयताला वापरतात ती.

दोन_नंबरचा_गिअर

मार्क ७ म्हणजे आधीच्या सहा कुठे गेल्या?

जुनी_पानं

जग्वारची आधीची मार्क ५. सहा नंबर बेंटलीने आधीच घेतलेला, म्हणून उडी मारली. शेजाऱ्याने मुलाचं नाव आधी ठेवलं की आपण काय करतो, तसंच.

अजून एक. एक्सके १२० ची किंमत करांशिवाय ९९८ पौंड होती. का, तर १००० च्या वर गेलं की परचेस टॅक्स दुप्पट!

निळी_स्कूटर

म्हणजे बाटाच्या आधी जग्वारने बाटा रेट लावला तर :D

फुकट_सल्लागार

घेतो मागे. पण देखणेपणाचं श्रेय तरी स्पोर्ट्स कारला द्याल की नाही? जग्वारच्याच ई टाइप स्पोर्ट्स कारला सलूनमधलं काय लागलंय?

जुनी_पानं

इंजिन तेच एक्सके, ते सोडलं तर ई टाइपला नाही, पण ई टाइपमधलं सलूनला लागलं. १९६१ च्या मार्चमध्ये जिनिव्हाला दाखवली तेव्हा सगळे तिच्या नाकाकडे बघत होते. ते नाक माल्कम सेयरचं, तो विमानांकडून आलेला, गणिताने वक्ररेषा काढायचा. त्याला स्टायलिस्ट म्हटलेलं आवडायचं नाही. पण मला विचाराल तर खरी करामत मागच्या चाकांना. दोन्ही चाकं स्वतंत्र, डिस्क ब्रेक चाकाजवळ नाहीत तर आत डिफरन्शियलला चिकटून, आणि तो सगळा जुडगा रबरावर टांगलेला. तोच मार्क १० ला, तोच १९६८ च्या एक्सजे ६ ला. एक्सजे ६ मध्ये मागे बसलेल्या माणसाला खड्डा कळत नाही त्याचं कारण हे. ब्रिटिश सलूनचा कळस कोणता म्हणाल तर मी डोळे झाकून एक्सजे ६ म्हणेन, रोल्स नाही.

लायन्सची पद्धतही वेगळीच, कागदावर फारसं नाही. खऱ्या मापाचा सांगाडा करून घ्यायचा, घरासमोर उजेडात उभा करायचा आणि चारी बाजूंनी फिरून ही रेष दोन सूत खाली घ्या म्हणायचं. शिंपीच!

वांग्याचं_भरीत

आमच्याकडचं सांगतो, सांगली जिल्ह्यातलं. आजोबांच्या काळात गावात एकाकडे छोटा राखाडी फर्गसन ट्रॅक्टर होता, त्याच्या गोष्टी अजून सांगतात. मी मध्ये कुठेतरी वाचलं की ट्रायम्फ टीआर २ ह्या स्पोर्ट्स कारमध्ये ट्रॅक्टरचं इंजिन होतं. हे खरं का कुणीतरी टोपी घातली?

सुतीपाना

खरं आहे भरीतराव, फक्त ट्रॅक्टरचं इंजिन गाडीत असं नाही, एकच कूळ. कोव्हेंट्रीची स्टँडर्ड कंपनी फर्गसन ट्रॅक्टर बनवून द्यायची आणि स्वतःची व्हॅनगार्ड नावाची सलूनही. दोघांनाही सुट्या लायनरचं (सिलिंडरच्या आतली नळी) चार सिलिंडरचं इंजिन. लायनर काढता घालता येतात त्यामुळे बोअर हवा तसा कमीजास्त. टीआर २ ला १९५३ साली तेच १९९१ सीसी करून बसवलं, कारण तिकडच्या शर्यतीत २ लिटरच्या आतला वर्ग होता. वर दोन कार्ब्युरेटर, झाली १०० मैलांच्या वर जाणारी गाडी.

जातिवंत घोडा म्हणून मिरवायचं आणि मामा बैल. पण म्हणूनच ते इंजिन मरत नाही. नांगराला जुंपायच्या ताकदीचं केलेलं असतं.

पाऊसवेडी

मामा बैल =)) =))

आमच्याकडे स्टँडर्ड हेराल्ड होती, कोल्हापूरला. बाबांची पहिली गाडी, दोन दारांची, रंग आकाशी. पुढचं अख्खं बॉनेट मडगार्डसकट मगरीने जबडा उघडावा तसं पुढे उघडायचं. बाबा पुढच्या चाकावर बसून इंजिनचं काम करायचे, अक्षरशः टायरवर बूड टेकून. आंबा घाटात गाडी तापली की तो जबडा उघडायचा आणि येणारेजाणारे थांबून बघायचे. गाडी तापायचं कारण दर वेळी एकच, बाबा पाणी घालायला विसरलेले असायचे आणि आई ते रत्नागिरीपर्यंत ऐकवायची. आणि वळायची इतकी पटकन की अंबाबाईच्या देवळाजवळच्या गल्ल्यांत अँबॅसडरवाले मागेपुढे करत बसायचे आणि आम्ही एका फटक्यात बाहेर.

तिचा आणि ह्या स्पोर्ट्स गाड्यांचा काही संबंध आहे का?

सुतीपाना

पाऊसवेडीताई, आहे म्हणजे काय, तिच्यापासूनच तर ट्रायम्फ स्पिटफायर झाली.

हेराल्डची कथा ऐका. १९५० च्या दशकात सगळे बिनचासीच्या गाड्या बनवायला लागले होते, म्हणजे बॉडी हीच चासी. पण स्टँडर्ड-ट्रायम्फला ज्यांच्याकडून बॉड्या मिळायच्या तो कारखाना १९५३ ला बीएमसीने, म्हणजे स्पर्धकाने, विकत घेतला. आता पूर्ण बॉडी करून देणार कोण? मग त्यांनी जुन्या पद्धतीची वेगळी चासी ठेवली आणि बॉडीचे तुकडे लहान लहान कारखान्यांकडून करून घेऊन त्यावर बोल्टने आवळले. डिझाइन इटलीच्या मिकेलोटीचं. १९५९ ला गाडी आली. नाइलाजाने केलेली गोष्ट पण फायदे बघा. चासी कापून आखूड केली, वर दोन सीटची बॉडी बसवली, १९६२ ला स्पिटफायर तयार. सहा सिलिंडर घातले की व्हिटेस. आणि तुकड्यातुकड्यांची असल्यामुळे मद्रासला जोडणंही सोपं, १९६१ पासून आपल्याकडे आली. चार दारांची हेराल्ड तर फक्त आपल्या देशातच निघाली, इंग्रजांनी कधी केलीच नाही.

तुमचे बाबा ज्या टायरवर बसायचे ना, स्पिटफायरवाले अजून तिथेच बसतात.

पाऊसवेडी

बाबांना वाचून दाखवलं. ८१ वर्षांचे आहेत. दोनदा वाचायला लावलं.

गोंयकार_बाब

आमच्या गोंयात ६१ च्या आधी पोर्तुगीज राज्यात आयात मोकळी, तेव्हा टॅक्सीला मर्सिडीज होत्या. तुम्ही अँबॅसडरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेले तेव्हा आमचो टॅक्सीवालो मर्सिडीजीत.

दोन_नंबरचा_गिअर

बाब, धागा ब्रिटिश गाड्यांचा आहे. आणि पैसे तेव्हाही मीटरने घेत नसतील :D

जपानी_भक्त

सगळं वाचलं, गहिवर समजू शकतो. पण कुणीतरी बोलायला हवं. त्या गाड्यांना पाऊस लागला की लाइट जायचे. लुकास कंपनीच्या विजेच्या सामानावरचे विनोद इंग्रजच सांगतात, अंधाराचा राजपुत्र म्हणतात तिला. तेल गळत नसेल तर तेल संपलंय असं समजा म्हणायचे. मग १९६९ ला डॅटसन २४० झेड आली, सहा सिलिंडर, ओव्हरहेड कॅम, काच पूर्ण वर जाणारी, सकाळी एका किल्लीत चालू. अमेरिकेत ह्यांचं दुकान बंद. पुढे १९८९ ला माझदाने लोटस एलान ह्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा आराखडा समोर ठेवून एमएक्स ५ केली आणि इंग्रजांना दाखवून दिलं की तुमचीच गाडी न गळता बनवता येते. बेभरवशाच्या वस्तूला क्लासिक म्हणायचं हा इंग्रजांचा सगळ्यात यशस्वी निर्यात माल.

फुकट_सल्लागार

आग लावली ह्याने. बसतो पॉपकॉर्न घेऊन.

लंडनचं_धुकं

मी इकडे ३० वर्षं आहे. माझा एक जुना सहकारी ७० च्या दशकात मिडलंड्समधल्या एका कारखान्यात होता, त्याच्याकडून ऐकलेलं आणि थोडं वाचलेलं. सगळे लोक युनियनला शिव्या देतात. संप होते हे खरंच. ट्रायम्फची टीआर ७ लिव्हरपूलजवळ स्पीकला बनायची, तिथे लांब संप झाला आणि १९७८ ला तो कारखानाच बंद केला. पण वरच्यांनी काय कमी दिवे लावले?

१९६८ ला सरकारच्या आग्रहाने सगळ्यांची मोट बांधून ब्रिटिश लेलँड केली. ऑस्टिन, मॉरिस, एमजी, जग्वार, डेमलर, रोव्हर, ट्रायम्फ सगळे एका छपराखाली. कालपर्यंतचे वैरी, आज एका ताटात. ट्रायम्फची स्टॅग घ्या, १९७० ची. देखणी चार सीटची उघडी गाडी. तिला व्ही ८ इंजिन हवं होतं. रोव्हरकडे उत्तम, हलकं, अॅल्युमिनियमचं साडेतीन लिटर व्ही ८ तयार होतं, ब्यूइककडून हक्क घेतलेलं. त्याच कंपनीत! पण ट्रायम्फवाल्यांनी स्वतःचं ३ लिटरचं केलं, ते तापण्यासाठी कुप्रसिद्ध झालं. आणि रोव्हरचं तेच व्ही ८ सलूनमध्ये, रेंज रोव्हरमध्ये, मॉर्गनमध्ये चाळीसेक वर्षं धावलं. म्हणजे घरात तूप असताना शेजारच्या वाड्याशी ईर्ष्या म्हणून डालडा खायचा. १९७५ ला सरकारलाच कंपनी ताब्यात घ्यावी लागली.

जपानी_भक्त

म्हणजे मी म्हणालो तेच झालं ना?

लंडनचं_धुकं

नाही. तुम्ही म्हणता गाड्या वाईट होत्या. मी म्हणतो घर वाईट चाललं होतं.

जुनी_पानं

दोघांनाही एक गोष्ट निसटतेय. सुतीपानांचं सूत्र धरून बघा. स्पोर्ट्स कार ही सलूनच्या कापडातून उरलेल्या तुकड्यांत शिवायची हा सगळा धंदा होता, म्हणून ती स्वस्त होती. १९५९ ला इसिगोनिसची मिनी आली, इंजिन आडवं, पुढची चाकं ओढणारी. मग बीएमसीच्या बहुतेक सलून त्याच वाटेने गेल्या. आता मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीचा गिअरबॉक्स, अॅक्सल आणायचा कुठून? कापडाचा पन्हाच बदलला. म्हणून एमजीबी १९६२ ला निघाली ती तशीच १९८० पर्यंत काढत राहिले, नवी करायला खाली नवी सलूनच नव्हती. त्यात अमेरिकेचे धुराचे आणि धडकेचे नियम. निम्म्याहून जास्त माल तिकडे जायचा, त्यांचं ऐकणं भाग.

रोल्सवाल्यांना हा प्रश्न नव्हता, त्यांचं दुखणं वेगळं. त्यांनी १९६५ ला सिल्व्हर शॅडो काढली ती पहिल्यांदा बिनचासीची. त्याने झालं काय, की आपल्याकडचे राजेरजवाडे जसे चासी विकत घेऊन वर हवी तशी बॉडी करून घ्यायचे, कुणी शिकारीची, कुणी चांदीची, ते संपलं. खरा शिंपी तिथे मेला. आणि १९७१ ला कंपनी बुडाली ती गाड्यांमुळे नाहीच, विमानाच्या जेट इंजिनावरच्या खर्चाने.

मिरजेचा_कोव्हेंट्रीत

बापरे, एका दिवसात एवढं! सगळ्यांचे आभार. ऑफिसात चोरून वाचतोय.

पण माझा तिसरा प्रश्न विसरलात राव. एमजीबी घेऊ की नको? आणि हे रबरी बंपर काय प्रकरण आहे, इथले लोक त्यावरून नाक मुरडतात.

सुतीपाना

वर धडकेचे नियम आले ना तेच. १९७४ च्या शेवटी क्रोमचे बंपर काढून काळे मोठे लावले आणि दिव्यांची उंची नियमात बसावी म्हणून अख्खी गाडी दीड इंचाच्या आसपास वर उचलली. साडी नेसून स्टुलावर उभं केल्यासारखी दिसते. वळणावर झुकते. पण म्हणूनच ती स्वस्त मिळते आणि चालवायला वाईट नाही, ७७ नंतरच्या गाड्यांना मागे अँटी रोल बारही (झुकणं कमी करणारी दांडी) आहे.

बघायला जाल तेव्हा रंगाला भुलू नका. दारांच्या खालचा उंबऱ्यासारखा पत्रा असतो तो चुंबक लावून तपासा, चुंबक चिकटला नाही तर आत गंज आणि वर पुट्टी. ही गाडी बिनचासीची, तो उंबराच तिचा कणा आहे. दार उघडून जॅक लावा, मग दार परत नीट लागतं का बघा. नाही लागलं तर चहा पिऊन घरी या. इंजिनची काळजी नको, ते तुम्ही मामाकडे शिकलायत. कार्ब्युरेटरच्या डोक्यावरची टोपी काढून आत तेल आहे का बघा, नसेल तर मालक आळशी.

लंडनचं_धुकं

भर घालतो. ४० वर्षांवरची गाडी म्हणून रोड टॅक्स शून्य, एमओटीची, म्हणजे दर वर्षीच्या गाडी तपासणीची, सक्ती नाही (तरी करून घ्या, जीव आपला आहे). पेट्रोल ई १० (१० टक्के इथेनॉलवालं) टाकू नका, सुपर टाका, इथेनॉल जुने रबरी पाइप खातं. पार्ट्सची चिंता नाही, एमजीबीची अख्खी नवी बॉडी आजही बनवून मिळते. आणि मुख्य म्हणजे ब्रेकडाउन कव्हर घ्या.

निळी_स्कूटर

इकडे पुण्यात आम्ही सगळेच ई २० वर आहोत, आमच्या जुन्या स्कूटरच्या पाइपला कोण विचारतंय :(

बाय द वे एमजी आता आपल्याकडेही आहे की. सोसायटीत तीन एमजी हेक्टर गाड्या आहेत.

जुनी_पानं

नाव राहिलं फक्त, तेही चिनी मालकाचं, गुजरातेत हालोलला कारखाना. अॅबिंग्डन १९८० लाच बंद झालं. त्या मानाने जग्वारचं बरं, २००८ ला टाटांनी लँड रोव्हरसकट घेतली आणि काही वर्षं आपल्या पुण्यातच एक्सएफ जोडत होते. ज्या देशाला इंग्रजांनी मॉरिसचे जुने साचे दिले तिथल्या कंपनीकडे जग्वार.

वांग्याचं_भरीत

माझ्या ट्रॅक्टरचं पुढे काय झालं ते राहिलं. त्या इंजिनाचा शेवट कुठे?

सुतीपाना

अरे हो, ते सांगायचंच राहिलं, आणि ते तर आपल्याच देशात.

१९८५ ला मद्रासहून स्टँडर्ड २००० नावाची गाडी आली, आठवतंय का कुणाला? भपकेदार, पाच दारांची, जाहिराती मोठ्या. ती म्हणजे रोव्हर एसडी १. तिकडे १९७६ ला आली तेव्हा तेच ते व्ही ८ बसवून. दिसायला खरोखर फेरारीच्या घराण्यातली. आपल्याकडे आणताना व्ही ८ नाही आणलं. आपल्या रस्त्यांसाठी उंच केली आणि आत बसवलं काय? १९९१ सीसी, व्हॅनगार्डचं! टीआर २ चा भाऊ, फर्गसनचा नातेवाईक. एवढं वजन त्या इंजिनाला कसं झेपावं. चढावर पहिल्या दुसऱ्यात किंचाळायची. तीनेक वर्षांत खेळ संपला.

माझ्याकडे एक यायची सर्व्हिसिंगला. बॉनेट उघडलं की मला हसू यायचं. बाहेरून ७६ साल, आतून ४७.

पाऊसवेडी

सलूनमधून स्पोर्ट्स कार, स्पोर्ट्स कारमधून परत सलून. चक्र पूर्ण!

दोन_नंबरचा_गिअर

आणि मध्ये नांगरणी.

मिरजेचा_कोव्हेंट्रीत

अपडेट देतो.

काल गाडी बघून आलो. बायकोही आली, मला आवरायला म्हणून. रंग शेवाळी हिरवा. चुंबक घेऊन गेलो होतो, डावीकडचा उंबरा पूर्ण चिकटला, उजवीकडे मागच्या चाकाजवळ वीतभर पुट्टी. जॅक लावला, दार लागलं. कार्ब्युरेटरच्या टोप्या काढल्या तर दोन्हीत तेल. मालक माझ्याकडे बघतच राहिला, हे तुला कुणी शिकवलं म्हणाला. सांगितलं, पुण्याच्या एका काकांनी, आज सकाळी.

मग चोक ओढून चालू केली. सुतीपानाकाका, आवाज तोच हो. मामाच्या दारातला. बॅटरी धरून उभा होतो तसाच उभा राहिलो थोडा वेळ. बायको बाजूच्या सीटवर जाऊन बसली, दार लावलं, हात बाहेर काढला आणि म्हणाली, ह्यात कपडे धुवायला लाँड्रोमॅटपर्यंत जाता येईल ना?

उजव्या उंबऱ्यासाठी ४०० पौंड कमी करून घेतले. शनिवारी आणतोय. वॉशिंग मशीन पुढच्या महिन्यात.

सुतीपाना

अभिनंदन! पहिला फोटो बॉनेट उघडून टाका.

दोन_नंबरचा_गिअर

नव्या वॉशिंग मशीनचा पुठ्ठ्याचा खोका टाकून देऊ नका. एमजीबीखाली अंथरायला लागेल.